जोडी असलेल्याची पाळी

मी पीएच.डी. करत होते तेव्हा गावात कोणी ना कोणी विचारायचं, नेमकं काय शिकतेस. मी खरं उत्तर द्यायचे आणि समोरच्याचा चेहरा कोरा राहिला की चिडायचे. खरं उत्तर असं होतं: आपल्या पेशींत विष निकामी करणारी एन्झाइम असतात, त्यांतली काही दोघा-दोघांच्या जोडीने काम करतात, आणि ती जोडी कशाने जुळते, कशाने सुटते ते मी बघते. आमचा दादा यावर म्हणायचा, पेशींची लग्नं लावतीस म्हण की. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर शेत त्याने एकट्याने ओढलं आणि मला पुण्याला शिकायला ठेवलं, म्हणून त्याची थट्टा मी ऐकून घ्यायचे. तीही दोन वाक्यांपर्यंत. तिसऱ्याला उलटून बोलायचे.

प्रयोगशाळेत माझा दिवस युरियात जायचा. एन्झाइमच्या द्रावणात थोडा थोडा युरिया वाढवत न्यायचा आणि जोडी कधी सुटते ते यंत्रावर बघायचं. हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, युरियाच टाकायचा होता तर घरी गोण्या पडल्यात, पुण्याला कशाला गेलीस? त्या वेळी मी हसले होते.

ज्या एन्झाइमवर मी काम करायचे त्याचे दोन भाग असतात, अगदी एकसारखे. एकाचा एक कोपरा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, खुंटी भोकात बसावी तसा. बसला की काम करायची जागा नीट घडते. तिथे विषाचा कण येतो, ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू त्याला चिकटवला जातो, आणि मग ते विष पाण्यात विरघळून लघवीवाटे बाहेर जाऊ शकतं. दोन भाग सुटे झाले की दोघंही ढिले पडतात आणि हे काम थांबतं. युरिया हळूच कमी केला तर ते पुन्हा एकमेकांना शोधून जुळतात. फार वेळ तसेच ठेवले तर गोळा होऊन तळाशी बसतात, मग काही केलं तरी जुळत नाहीत. सुटलेली जोडी परत जुळताना मी पहिल्यांदा आलेखावर पाहिली तेव्हा उठून चहाला गेले, कारण शेजारच्या टेबलावरच्या मुलीसमोर मला डोळे पुसायचे नव्हते. इतका माझा जीव त्या दोन भागांत गुंतला होता.

मग माझे मार्गदर्शक सर म्हणाले, नुसत्या नळ्यांवर प्रबंध होणार नाही, माणसांतलंही काही हवं. या घराण्यातल्या एका एन्झाइमचं जनुक बऱ्याच माणसांत जन्मापासूनच नसतं. नसतं म्हणजे तेवढा तुकडाच गायब असतो. अशी माणसं फवारणीच्या कामात असली तर त्यांच्या रक्तात काही फरक दिसतो का, एवढं बघायचं होतं. हंगामाआधी एकदा रक्त घ्यायचं, हंगाम संपल्यावर पुन्हा एकदा. सरांनी विचारलं, फवारणी करणारे लोक कुठून आणशील? मी म्हणाले, घरून.

आमची वाडी खोडदच्या अलीकडे, दुर्बिणींच्या तबकड्या दिसतात एवढ्या अंतरावर. वाडीत टोमॅटोचं काम सावडीने चालतं. पाच घरं आहेत. आज तुमच्या वावरात झाडांची बांधणी असली तर सगळे तुमच्याकडे, परवा माझ्याकडे फळांचा तोडा असला तर सगळे माझ्याकडे. फवारणीही तशीच. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये औषध कालवायचं, पंप चालू करायचा, एकाने गन धरून सरीतून चालायचं आणि दुसऱ्याने मागून नळी ओढायची. तार-काठीवर चढलेला टोमॅटो छातीला लागतो, त्यामुळे उडालेला फवारा निम्मा झाडावर आणि निम्मा माणसावर. हे काम कोणालाच आवडायचं नाही, म्हणून त्याच्या पाळ्या कडक होत्या. सगळ्यांना सारख्या. आजारपण सोडून कोणाला सुट्टी नाही, बायांनाही नाही.

मी रक्त मागायला गेले तर सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्या आमचे शेजारी, सावडीतले वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, रक्त तू नेणार, मग आम्हाला काय सांगणार? खरं तर काहीच सांगायचं नव्हतं. संमतीच्या कागदावर छापलेलं होतं की एकेकाचा निकाल ज्याला-त्याला दिला जाणार नाही. सरांनी त्याचं कारणही समजावलं होतं: एका जनुकावरून एका माणसाबद्दल काहीच ठरत नाही, असे निकाल शेकड्यांनी गोळा केले तरच त्यांना अर्थ. मला ते पाठ होतं. पण तात्या नाही म्हणाले असते तर अकराच्या अकरा माणसं हातची गेली असती. मी म्हणाले, तात्या, प्रत्येकाचं प्रत्येकाला सांगीन.

नंतर अंगणात सगळ्यांना बसवून समजावलं. तेव्हा मी केलेली चलाखी मला आजही आठवते, कारण मी तिच्यावर खूश होते. म्हणाले, तुमची जशी सावड तशी पेशीतही असते. दोघं एकत्र येतात, विष धरतात आणि बाहेर काढतात. काही जणांत ती जोडी असते, काही जणांत नसते. माना डोलल्या. इतकी वर्षं कोरे राहिलेले चेहरे एका वाक्यात उजळले. आपल्याला शिकवता येतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तुलनेसाठी फवारणी न करणारी माणसंही हवी होती. त्यांच्यासाठी मी आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका गावात गेले. तिथे भात आणि नाचणी, औषध मारायचा प्रश्नच नाही. एका म्हातारीने हात पुढे केला आणि सुई टोचल्यावर म्हणाली, "माझं काय निघंल ते मला नगं सांगू. न्हाई निघालं तर जिवाला घोर, अन् हाय निघालं तर माणूस माजतो." मी तिला समजावायला गेले तर तिने पदर सावरला आणि उठून गेली. परतीच्या गाडीत मी वहीत तिच्या नोंदीपुढे लिहिलं, 'विषयाबद्दल गैरसमज'.

संक्रांतीला निकाल घेऊन घरी गेले. वहिनीने तिळगुळाचं ताट फिरवलं आणि त्याच बैठकीत मी एकेकाला सांगत गेले. अकरांपैकी चौघांत ते जनुक होतं. दादात होतं. वहिनीत नव्हतं. तात्यांत नव्हतं, त्यांच्या थोरल्या मुलात होतं. तात्यांनी हातातला तिळगूळ ताटात परत ठेवला. मी घाईने म्हणाले की नसलं तरी काही बिघडत नाही, जगात कितीतरी लोकांत नसतं, शरीराकडे दुसऱ्या वाटा असतात. ते कोणी ऐकलं नाही. आहे आणि नाही, एवढे दोनच शब्द अंगणात राहिले. वहिनीने विचारलं, मग मी काय करू? मी म्हणाले, हातमोजे घाल. दादा म्हणाला, चला, घरात एकाची तरी जोडी हाय. सगळे हसले.

पुढच्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईचा फोन आला. तिच्या मुलीला आळे गावचं स्थळ आलं होतं. पावण्यांच्या पोराचं रक्त तपासून देशील का, जोडी हाय का न्हाई तेवढं कळू दे, असं ती म्हणाली. मी हा किस्सा प्रयोगशाळेत सांगितला आणि आम्ही सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. हसण्यात मी सगळ्यांत पुढे होते.

चैत्रात गावच्या जत्रेला गेले तेव्हा दादाने मला फोनवरची यादी दाखवली. सावडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर उन्हाळी टोमॅटोच्या पाळ्या टाकल्या होत्या. बांधणी, तोडा आणि खुरपणीपुढे सात नावं. फवारणीपुढे चार. ज्यांच्यात जोडी, त्यांनीच औषध मारायचं. उरलेल्या सात जणांनी त्या चौघांच्या वाटणीची बाकीची कामं उचलायची. तात्यांनीच ठरवलं होतं. चौघांतल्या एकाचं आळेफाट्याला दुकान, त्याचा वेळ दुकानातच जायचा. दुसऱ्याची पाठ धरलेली. उरले दादा आणि तात्यांचा थोरला. दादा गन धरायचा, थोरला नळी ओढायचा. पाच घरांची सगळी वावरं या दोघांच्या अंगावर.

मी विचारलं, तुला हे पटतं? दादा म्हणाला, यात न पटण्यासारखं काय, ज्याला पवता येतं त्यानंच विहिरीत उतरायचं. त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, हे मी सांगितलं पाहिजे. तात्यांचं वय झालं होतं, बाकीच्या घरांत लहान पोरं होती. आपल्याला देवाने दिलंय तर आपण पुढे व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पूर्वी तो निदान तोंडाला ओला पंचा बांधायचा. मी पुण्याहून आणून दिलेला चांगला जाळीचा मास्क खुंटीला दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, तात्यांना दिला, त्यांना गरज हाय. तात्या आता फवारणीला जातही नव्हते.

स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती. मला म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं झालंय बघा. रोज डोकं धरून घरी येत्यात. तुमी सांगा ताई त्यांना, तुमचं ऐकत्यात." मी म्हणाले, सांगते.

मी सांगितलं नाही. इथे मला स्वतःला सवलत द्यायची नाही. मला सगळं माहीत होतं. एखादी जोडी असली म्हणजे माणसाला चिलखत मिळालं असं होत नाही, हे मला माहीत होतं. विषाला चिकटवायला ग्लुटाथायोन लागतं आणि ते रोजच्या रोज उधळलं तर पेशीत कमी पडतं, मग जोडी असून करणार काय. दादा जी औषधं मारायचा त्यांतली काही थेट नसांवर धरतात, आणि नसांचं रक्षण करणं हे काही मी तपासलेल्या जोडीचं काम नाही. यातलं काहीही मला नंतर कळलेलं नाही. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ते लिहिलेलं होतं.

यादी पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझी तुलना बिघडली. जनुक असलेल्यांना आता भरपूर औषध आणि नसलेल्यांना शून्य. मग दुसरा विचार आला आणि त्याची मला आजही शिसारी येते. वाटलं, पण याचा उपयोग आहे. माणसं तीच, रक्त आधी घेतलेलं, आता भरपूर फवारा बसणार आणि तारीखवार नोंद ग्रुपवर आयतीच मिळणार. अशी माहिती सहजी कोणाला मिळत नाही. मी मनाशी म्हणाले, दोन महिन्यांचा तर प्रश्न, दुसरं रक्त घेतलं की सगळ्यांना बसवून समजावू. यादीचा फोटो दादाकडून मागून घेतला. त्याला वाटलं, मला कौतुक आहे.

वैशाखात एका दुपारी प्रयोगशाळेत वहिनीचा फोन आला. तिचं बोलणं मला कळेना. मग तात्यांनी फोन घेतला. दादाने सकाळपासून दोन वावरं मारून तिसरं धरलं होतं. नागअळी वाढली म्हणून औषध नेहमीपेक्षा जास्त घेतलं होतं, त्यात आणखी दोन औषधं मिसळली होती. ऊन असं की सदरा घामाने आणि औषधाने अंगाला चिकटलेला. तिसऱ्या वावरात अर्ध्या सरीत तो खाली बसला. थोरल्याला वाटलं, ऊन लागलं. पाणी पाजलं तर ते तोंडातून लाळेसारखं बाहेर यायला लागलं, आणि दादा म्हणायला लागला की मला नीट दिसत न्हाई.

आळेफाट्याच्या एका दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्याच्या नाकातोंडात नळ्या होत्या. हातपाय बांधले होते, कारण इंजेक्शनांनी भान सुटून तो नळ्या उपटत होता. मांडीवरचे स्नायू कातडीखाली आपोआप थरथरत होते, कोणी आतून बोटं फिरवावीत तसे. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. मी काय शिकते ते वहिनीने त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या माझ्याशी बरोबरीने बोलल्या. म्हणाल्या, नसेचा निरोप पोचला की तो पुसणारं एन्झाइम पार बसलंय, शरीर ते नवीन बनवेपर्यंत श्वास यंत्रावर ठेवावा लागेल. मी मान हलवली. माझं एन्झाइम वेगळं, त्यांचं वेगळं. मला हे समजत होतं आणि त्या समजण्याचा त्या खोलीत काही उपयोग नव्हता. बाहेर बाकावर तात्या बसले होते. त्यांनी मला विचारलं, "जोडी हाय ना त्याच्यात? मग निभावंल." मी हो म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही म्हणायची माझी ताकद नव्हती.

दादा निभावला. पाच दिवस यंत्रावर, आणखी दहा दिवस खाटेवर, मग घरी. आम्हाला वाटलं, सुटलो. घरी आल्यावर आठवड्याभरात त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, मग पावलं जड झाली, मग बोटं. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळायचं नाही. पुन्हा दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाल्या, विषाचा हा मागून येणारा परिणाम, नसा सावकाश भरतील, किती भरतील ते आज सांगता येत नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. आमच्याकडे मुंगी निघालेलीच दिसत नव्हती. तार-काठीवर दोन बोटांत सुतळीची गाठ मारणारा माणूस, त्याला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. त्याचं जेवण, त्याची बटणं, त्याच्या पायांची मालीश, हे वहिनीने आणि मी वाटून घेतलं. मी पुण्याला जाणं जवळजवळ थांबवलं होतं. सर फोनवर विचारायचे, दुसरे नमुने कधी? मी फोन उचलणं बंद केलं.

आणि तरीही मी बोलले नव्हते. बघायला येणारा प्रत्येक जण दारातच म्हणायचा, जोडी होती म्हणून वाचला, दुसरा असता तर जागेवरच गेला असता. माझा निकाल खरा ठरला होता. एका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. दादाही खाटेवरून हेच सांगायचा. हात उचलता येत नव्हता तरी तेवढं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. ते तेज काढून घ्यायचं धैर्य मला होत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण एवढंच की मी भित्री होते.

आषाढात पावसाळी टोमॅटोची रोपं आली. एके सकाळी मी दादाचे पाय चोळत होते आणि त्याच्या उशाशी फोन वाजला. त्याला बोटांनी नीट दाबता येईना म्हणून मी उघडून धरला. ग्रुपवर नवीन यादी आली होती. फवारणीपुढे आता तात्यांच्या थोरल्याचं एकट्याचं नाव होतं. खाली तात्यांनी लिहिलं होतं की दादा बरा होईपर्यंत नळी कोणीही ओढील, गन मात्र जोडी असलेलाच धरील.

मी फोन खाली ठेवला. म्हणाले, दादा, ही यादी चुकीची आहे. तो म्हणाला, व्हय, त्याच्या एकट्याच्यानं कसं व्हायचं, मी आलो की बघू. मी म्हणाले, तसं नाही. मग मी सगळं सांगितलं. मी तपासलेल्या एन्झाइमने तुझं काहीच राखलं नाही. तू वाचलास ते त्या डॉक्टरांमुळे आणि तात्यांनी वेळेत गाडी काढली म्हणून. एखाद्यात जोडी आहे म्हणून त्याने औषध मारावं, नसलेल्याने मारू नये, असं कुठल्याही शास्त्रात नाही. मला कागदावर बजावलं होतं की हे निकाल सांगू नकोस, ते मी रक्त मिळावं म्हणून सांगितले. सावडीचा दाखलाही मीच दिला, आणि तुम्ही तो दिला तसाच घेतला, त्यात तुमची काही चूक नाही. हे सगळं मी त्याच्या पायांकडे बघत बोलले. तेल लावलेले माझे हात त्याच्या घोट्यावर होते आणि ते तिथे आहेत हे त्याला कळत नव्हतं.

मला वाटलं, आता चिडेल. लहानपणी मी शाळा बुडवली की चिडायचा तसा तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"हे तुला कधीपास्नं म्हाईत व्हतं?" त्याने विचारलं.

मी म्हणाले, पहिल्यापासून.

"यादी दावली तवा बी?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की मला वाटलं तुम्ही ऐकणार नाही, किंवा की घाईत राहून गेलं. मी म्हणाले, "मला दुसऱ्यांदा रक्त पाहिजे होतं."

दादाने मान माझ्याकडे वळवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कोण, हे तो नव्याने ठरवत असावा. मग त्याने मला फोन लावून कानाशी धरायला सांगितला. तात्यांना तो एवढंच म्हणाला, यादी काढा, पाळ्या पयल्यागत समद्यांना सारख्या करा, मी येतो मग सांगतो. पलीकडून तात्या काही विचारत होते. दादा म्हणाला, तोंडानंच सांगतो. मी फोन बंद केला.

तात्यांचं घर आमच्या दारातून दिसतं, पण दादाला काठी घेऊन तिथवर जायला अर्धा तास लागणार होता. तो भिंतीला धरून उठून बसला. खुंटीवरचा सदरा मी काढून त्याच्या अंगात घातला, बाह्या सारख्या केल्या. रोजच्यासारखी बटणं लावायला पुढे वाकले तेव्हा त्याने मनगटाने माझा हात बाजूला केला.

"तू ऱ्हाऊ दे," म्हणाला.

वहिनी गोठ्यात धार काढत होती. ती येईपर्यंत तो उघड्या सदऱ्याने तसाच बसून राहिला.